बाबांनी लावलेला वर्ख

“ईद झाली की होतो अ‍ॅडमिट. गाठ काही पळून जात नाही. पण सावंत, घरी कुणाला कळता कामा नये. सुट्टी तरी सुखात जाऊ दे त्यांची.”

बाबा बाल्कनीत फोनवर बोलत होते. मी वाळलेले कपडे काढायला जाळीच्या दारापर्यंत आले होते, तशीच मागे फिरले. सावंतकाका त्यांच्या ऑफिसातले जुने मित्र. म्हणजे काकांना माहीत होतं आणि आम्हाला नाही. गाठ कुठे, कसली, काहीच कळलं नाही. आत आई थायलंडला न्यायच्या बॅगा भरत होती आणि चिवड्याचा डबा कुठे बसवावा यावर स्वतःशीच वाद घालत होती. मी तिच्यासमोर बसून बॅगेत जायच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

सौदीत उघड पूजा चालत नाही, म्हणून आमच्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये देव बेडरूममधल्या कपाटात आहेत. आई दार लोटून दिवा लावते, आरती ओठांतल्या ओठांत म्हणते. देवाजवळ जे बोलायचं ते मनात, हे मी चालायला शिकावं तसं शिकले. त्या संध्याकाळीही कपाटासमोर उभी राहिले आणि मनातच म्हटलं, हे खोटं असू दे. पण त्या मागण्यावर माझाच विश्वास नव्हता. ऐकणारं कुणी आहे असं वाटतच नव्हतं.

बँकॉकहून तरंगत्या बाजाराकडे जाणाऱ्या व्हॅनमध्ये मी बाबांच्या मागच्या सीटवर बसले आणि वाटभर त्यांची मान बघत राहिले. कॉलर सैल झाली होती. ही कधीपासून सैल होती? बाजारात पोचल्यावर लांबट होडीत आम्ही एकामागे एक बसलो. कालवा अरुंद, दोन्हीकडून होड्या घासून जाणाऱ्या, इंजिनांचा धूर, तळणाचा वास, आंबे, टोप्या, लाकडी हत्ती. सगळे हसत होते, फोटो काढत होते. मला मात्र वाटत होतं, इथे बाबांना काही झालं तर होडी वळवायलाही जागा नाही. एका बाईने तिच्या होडीतूनच नारळाचे गरम छोटे आप्पे आमच्याकडे सरकवले. आई खूश.

“घ्या की एक,” ती बाबांना म्हणाली.

“पोट भरलंय गं.”

“सकाळपासून काय खाल्लंत म्हणून भरलं? घरी अख्खा फणस संपवता एकटे!” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गं? बापलेक दोघंही मुके. मी आता काय त्या नारळाशी बोलू?”

बाबा हसले. मीही हसले. आपल्या हसण्याचा असा राग मला कधी आला नव्हता.

दुपारी आमची गाइड, एक हसतमुख थाई मुलगी, आम्हाला एका जुन्या बुद्धमंदिरात घेऊन गेली. बुद्धाविषयी मला शाळेच्या पुस्तकापलीकडे काही माहीत नव्हतं. मुख्य मूर्तीपुढे एक लहान बसलेली मूर्ती होती, सोन्याच्या वर्खाने इतकी झाकलेली की नाकडोळेही पुसट झाले होते. गाइडने सांगितलं, इथले लोक आपलं जे दुखतं, त्याच जागी मूर्तीला वर्ख लावतात. आईने लगेच मूर्तीचा गुडघा गाठला. “दोन्ही गुडघ्यांना लावते बाई, एकाला वाईट वाटायला नको.” बाबांनी दारात घेतलेलं वर्खाचं पाकीट खिशात टाकलं. “माझं काय दुखतंय? मी आपला नमस्कार करतो.”

बाहेर येऊन चपला घालताना ते म्हणाले, “चष्मा आत राहिला वाटतं.” चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात मला दिसत होता. आई पंख्यांच्या दुकानापुढे घासाघीस करण्यात गुंतली होती. मी त्यांच्या मागे गेले आणि खांबाआड थांबले.

आत जवळजवळ कुणी नव्हतं. बाबा मूर्तीपुढे गुडघ्यांवर बसले होते. एरवी देवळाच्या बाहेरच थांबणारे माझे बाबा. ते पाकीट उघडून मूर्तीच्या पोटावर, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली वर्ख लावू पाहत होते. वरच्या पंख्याच्या वाऱ्याने वर्ख दुमडून त्यांच्याच बोटांना चिकटला. त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, तसा त्याचा चुरा झाला. मग ते नुसतेच बोटांकडे बघत बसले.

मला त्यांना हाक मारायची होती. “आय नो, बाबा,” हे शब्द दोन दिवस माझ्या तोंडात तयार होते. घरी मी अडचणीचं सगळं इंग्रजीत बोलते, म्हणजे ते माझं नसल्यासारखं वाटतं. पण तेही निघेना.

तेवढ्यात कोपऱ्यात बसून झाडत असलेली एक म्हातारी साध्वी, पांढऱ्या कपड्यांतली, डोक्यावरचे केस काढलेली, उठली. तिने पंखा बंद केला. आपल्या कमरेच्या पिशवीतून नवा वर्ख काढला. मला वाटलं, बाबांना देईल. पण ती वळली, थेट खांबाकडे आली, माझा हात धरून तिने तो वर्खाचा कागद माझ्या तळहातावर ठेवला आणि बाबांच्या दिशेने हनुवटी हलवली. तिला मी कशी दिसले, मी त्यांची कोण हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. दिसलं असेल, कळलं असेल. मी त्याचा शोध घेत नाही. तिच्या तळहाताचा खरखरीतपणा मात्र मला अजून जाणवतो.

आज बाबा खोबरच्या हॉस्पिटलमध्ये आहेत. ऑपरेशन झालं आहे, पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. काय होईल ते कुणी सांगत नाही आणि मीही आता कपाटासमोर “खोटं असू दे” असं मागत नाही. मूठ आवळून धरलेलं काही कुणाच्या हातात देता येत नाही, देवाच्याही नाही, एवढं मला कळलं आहे. त्या अनोळखी बाईला, त्या शांत मूर्तीला आणि आमच्या कपाटातल्या देवांना मी एकच नमस्कार करते. कोणी ऐकलं ते मला माहीत नाही, ऐकलं हे माहीत आहे.

त्या दुपारी मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी दचकून पाहिलं, आणि हात लपवायला गेले. मी त्यांचं मनगट धरलं. वर्ख त्यांच्या बोटांखाली ठेवला, वरून माझी बोटं दाबली. या वेळी तो नीट बसला. आणि मग त्या शांत सभामंडपात, मलाच मोठा वाटेल अशा आवाजात मी म्हणाले, “बाबा, मला माहीत आहे. चला, आईला सांगू.”