माझी पाच फणसआळंबी

माझ्या वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेचे नमुने आमच्या राहू गावातल्या तान्ह्या पोरांनी चाटून संपवले.

हसू नका! शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचे, लहानापासून थोरल्यापर्यंत, पाच नमुने सोमवारच्या प्रॅक्टिकलला द्यायचे होते. त्यासाठी मी भीमाशंकरच्या जंगलात जळवांना रक्त पाजत हिंडलो आणि एका वठलेल्या फणसाच्या खोडावरून पाच कडक, तपकिरी आळंबी काढून आणली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. नाव, ठिकाण, उपयोग, सगळं सुवाच्य! घरी फळीवर मांडली आणि (इथंच चुकलो) दोन दिवस शिरूरला गेलो.

शनिवारी परत येतो तर ओट्यावर सात बाया, सात मांड्यांवर सात पोरं, आणि मधोमध आमची आई सहाणेवर माझा चौथा नमुना उगाळतेय!

"आई! काय चाललंय हे?"

"आरं, फणसआळंबं हाय. आमच्या माहेरी, घाटाकडं, तोंड आलेल्या पोराला ह्येच चाटवत्यात. शेजारच्या पारूचा नातू दोन दिस दूध पीत न्हवता. आता बघ कसा ओढतोय!"

"सातही पोरांची तोंडं आली?"

"कुणाचं आलंया, कुणाचं येईल म्हणून."

"आन् माझी परीक्षा?"

"ती वर्सा-वर्साला येती. पोराला दूध आत्ता पायजे."

"चिठ्ठ्या बांधल्या होत्या ना मी!"

"त्या जपून ठिवल्यात. अक्षर लई देखणं हाय तुझं."

सातही बायांनी कौतुकानं माना डोलावल्या. माझा नुसता जळफळाट झाला! पाचवं, सगळ्यात थोरलं आळंबं उचलून मी ट्रंकेत घातलं आणि कुलूप ठोकलं. निदान एक तरी सरांना दाखवता आलं असतं.

रागानं रविवारी भाकरीला हात लावला नाही. दिवसभर नुसता कढत चहा ढोसला. संध्याकाळी माझंच तोंड आलं! सकाळी सरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि मला साधं 'आई' म्हणता येईना.

आई सहाण घेऊन समोर बसली.

"किल्ली दे."

दिली.

सोमवारी तोंड ठणठणीत! त्या तोंडानं मी सरांना सगळी हकिकत सांगितली आणि उरलेल्या पाच चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. सरांनी एकेक वाचली. पाचही चिठ्ठ्यांवर माझ्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: 'उपयोग – काहीही नाही.'