सतरा इंग्रजांचा रोट

छत्रीमास्तर घराबाहेर पडताना शोकेसचा निरोप घेत. शोकेसमध्ये दुसऱ्या महायुद्धातले, विमानातून पॅराशूटने उतरणारे सतरा इंग्रज सैनिक होते. धातूचे, रंगवलेले, प्रत्येकी तीन इंच उंचीचे. "मी शहादे जाई येस, घर सांभाळा," असे त्यांना सांगून मास्तर चपला घालत. आतून नानी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ओरडत, "आनि भाजी कोन लई येई? सार्जंट?"

मास्तर म्हसावदच्या शाळेत भूगोल शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवरून ठिबकच्या नळीचे जोड मागवले. खोक्यातून लालसर टोपी घातलेला एक सैनिक निघाला. तो परत न्यायला कुरिअरचा माणूस आला नाही. मास्तरांनी खोक्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि निष्कर्ष जाहीर केला. "विमानवाला चुकना. युद्धमा असं व्हस. याले उतरानं व्हतं युरोपमा, उतरना म्हसावदले." पलटणीपासून चुकलेल्या माणसाला एकटे ठेवणे त्यांना पटेना. पुढच्या चार वर्षांत त्यांनी आणखी सोळा मागवले. नळीचे जोड शहाद्याहून आणले.

आमच्याकडे पॅराशूटला छत्रीच म्हणतात. त्यामुळे मास्तर छत्रीमास्तर झाले. बघायला येणारा प्रत्येक जण विचारी, "मास्तर, यासन्या छत्र्या कोठे शेतस?" मास्तरांचे उत्तर ठरलेले होते. "त्या उतरनात ना आते? येष्टीमाईन उतरावर तू शीट घर लई जास का?" अकराव्या खोक्यातून एक अधिकारी निघाला. त्याच्या हातात काळी, पावसाची, खरीखुरी छत्री होती. मास्तरांनी त्याला मागच्या रांगेत उभे केले.

सगळ्या सैनिकांची तोंडे उत्तरेला, सातपुड्याकडे असत. "चुकीच्या जागी उतरलात तर आधी उत्तर शोधा, मग रडा," हे मास्तर आम्हाला वर्गात शिकवत. घरात ते त्यांनी अमलात आणले होते. नानी धूळ पुसताना एखाद्याचे तोंड पश्चिमेला करून ठेवत. मास्तर दारातूनच म्हणत, "हाऊ गुजरातले कसाले चालना?"

खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा आणि उरू द्यायचा नाही. मास्तरांच्या कुळाची कानबाई आजोबांपासून त्यांच्याच घरी बसत आली होती. मास्तरांना एकच मुलगी, तीही लग्न होऊन सुरतेला. घरात पुरुष एक, गहू सव्वा मूठ. मास्तरांचे धाकटे चुलतभाऊ बापू यांच्या घरात, ते स्वतः धरून, पुरुष नऊ. "देवी मन्हा घर बसाडू," असे बापू दरवर्षी मास्तरांना म्हणत. एका श्रावणात ते हे नानींच्या तोंडावर बोलले आणि वर म्हणाले, "सव्वा मूठमा रोट व्हस का बिस्कीट?"

नानी सूप आणि गव्हाचा डबा घेऊन शोकेससमोर बसल्या. मास्तरांची मूठ टाकली. मग सार्जंटची टाकली. मग रेडिओवाल्याची.

"वहिनी, त्या इंग्रज शेतस!" बापू म्हणाले.

"व्हतीन. पन ऱ्हातस कोना घर?"

"त्यासनं कूळ कोनतं?"

"चार वरीस व्हयनात, येक बी घर सोडी गया नही. तुन्हा पोरेसनं सांग."

मास्तर न्यायाने वागणारे होते. त्यांनी मध्येच सुचवले, "स्ट्रेचरवरलाले जराशी कमी टाक. जखमी शे. पचाव नही त्याले." नानींनी त्यालाही पूर्ण सव्वा मूठ टाकली.

साडेबावीस मुठींचे रोट झाले. खाणारी माणसे दोन. मास्तर प्रत्येक घास नाव घेऊन खात. "हाऊ रेडिओवालाना," म्हणत तो रोट त्यांनी संपवला. तिसऱ्या दिवशी ते आडवे झाले. अजून दहा सैनिक बाकी होते. रोट उरला तर दोष सगळ्या कुळाला लागतो. म्हणून चौथ्या दिवशी बापू घरचे आठ जण घेऊन आले आणि पंगतीला बसले.

"तुन्हा ताटमा छत्रीवालाना शे, बापू," मास्तर खाटेवरून म्हणाले.

"वाढा. पन मी मान्य करेल नही."

"खादं म्हंजे मान्य," नानी म्हणाल्या.

त्यानंतर बापूंनी देवीचा विषय काढला नाही. मी त्या काळात शहाद्याहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे. ही पाठवली नाही.

पुढच्या माघात मास्तर गेले. छातीत कळ आली. शहाद्याला पोचेपर्यंत सगळे संपले होते. मुलगी सुरतेहून आली आणि आईला घेऊन जाते म्हणाली. "कानबाई व्हऊ दे," एवढेच नानी म्हणाल्या. घरात आता पुरुष नव्हता. देवी बापूंकडे जाणार, असे गावाने धरले होते. मीही धरले होते.

कानबाईसाठी गहू मोजण्याच्या दिवशी बापू सकाळीच आले. मागे घरचे आठही जण होते. नानींनी देवी म्हणून पुजायचा नारळ फडक्यात बांधून, बापूंना न्यायला ओट्यावर तयार ठेवला होता. बापू नारळाला वळसा घालून आत गेले, शोकेससमोर बसले आणि काचेला बोट लावून मोजू लागले. मध्ये चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"सतरा शेतस, वहिनी. सूप आन."

नानी सूप घेऊन बसल्या. सतरा जणांचे गहू मोजून झाले. मग त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला.

"वहिनी, सतरा व्हयनात."

"आनि मास्तर?"

बापूंनी सूप त्यांच्याकडे सरकवले. मग मागे वळून घरच्या आठ जणांना म्हणाले, "आज दुपारले कोनी जेवू नका रे."