दोरीवरची शेवटची गाठ

जपानात, उरायासूला आमच्या इमारतीखाली दर गुरुवारी जुनं सामान टाकत. कचऱ्याची गाडी यायच्या आत एक धिप्पाड परदेशी बाई तिथे हजर. खिशातून गाठी मारलेली दोरी काढायची, टाकलेले खेळाचे बूट तिने मापायची आणि त्यातले एखाद-दोन पिशवीत घालायची. मला ती चोरच वाटायची. आमचा टीव्हीही त्याच ढिगातला, पण कोणी बघत नाही ना, हे पाहून आम्ही तो उचललेला.

एकदा खाली जाऊन मोडक्या जपानीत विचारलंच, "बूट मापता कशाला?"

"पॅसिफिकमधलं छोटंसं बेट आहे आमचं. तिथल्या बायकांच्या राष्ट्रीय फुटबॉल टीमला पाठवते. एकेक गाठ म्हणजे एकेकीच्या पावलाचं माप. शेवटची गोलकीपरची, तिच्या मापाचे मिळत नाहीत."

थापच असणार. तरी ती गाठ मी नजरेने मोजून ठेवली: एक वीत, तीन बोटं.

पुढच्या गुरुवारी त्या मापाचे नवे बूट लेबल काढून ढिगात ठेवले आणि वरून बघत राहिले. तिने दोरी लावली. माप बरोबर भरलं. मग बूट उलटे करून कोरे तळ पाहिले आणि मान वर करून आमच्या इमारतीची एकेक खिडकी संशयाने न्याहाळली.

मी चोरासारखी पडद्याआड सरकले.