सुसूची चाचणी

"धिस नॉट सुसू! आय वॉन्ट सुसू!" इस्माईलसाहेब मशीनसमोर उभे राहून ओरडले, आणि मी हसलो.

साधं नाही, फिसकन हसलो. आमच्या घरी लहान मुलांना अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन "सुसू कर" म्हणायचे. आता एक पन्नाशीचे, सूटबूट घातलेले गृहस्थ जर्मन कारखान्यात उभे राहून तीच वस्तू मागत होते. मी तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता. इस्माईलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची काळी टोपी नीट केली आणि सही न करता निघून गेले.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची, ड्युसेलडॉर्फची गोष्ट. आमची कंपनी डबे भरायची मशीनं बनवायची. मलायातल्या पिनांगला इस्माईलसाहेबांचा कंडेन्स्ड मिल्कचा कारखाना निघत होता, त्यासाठी हे मशीन होतं. त्या दिवशी त्याची आब्नामे होती. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः येऊन मशीन चालताना पाहतं, पटलं तर सही करतं, आणि मग मशीन जहाजावर चढतं.

मी तिथे अगदी ज्युनिअर इंजिनिअर. आमचे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर यांनी मला पुढे केलं ते एकाच कारणाने. "तुम्ही दोघं एशियातले. तुम्हाला एकमेकांचं कळेल." पुणं आणि पिनांग यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझी प्रोबेत्साइट चालू होती. तो नोकरीचा उमेदवारीचा काळ, आणि तो संपायला दोन आठवडे उरले होते.

"हेर परान्यपे," क्रेमर म्हणाले. जर्मन लोक ज चा य करतात, त्यामुळे आम्ही परांजपे तिथे कायमचे परान्यपे. "गिऱ्हाईकाच्या तोंडावर कोण हसतं?"

"चूक झाली, हेर क्रेमर."

"गेनाऊ, अगदी बरोबर. उद्या सकाळी ते इथे हवेत. नाही आले, तर तुमच्या नोकरीचा मला विचार करावा लागेल."

त्यांचा विचार म्हणजे माझं परतीचं तिकीट, हे मला कळलं. मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे हे वडिलांनी अर्ध्या सदाशिव पेठेला सांगून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्या पेठेला आईने.

संध्याकाळी पाचला मी हॉटेलवर गेलो. इस्माईलसाहेब लॉबीतच बसले होते. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्या वर्षी माझं वजन बरंच उतरलं होतं. उकडलेले बटाटे आणि काळा पाव, यावर माणूस जगतो, पण भरत नाही.

"जेवलास?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"मग आधी चल."

ते मला बंदराकडच्या एका गल्लीत घेऊन गेले. जहाजावरचा आचारीपणा सोडलेला पिनांगचा करीम तिथे एक लहानशी खानावळ चालवायचा. चार टेबलं, त्यांतलं एक लंगडं. दार उघडलं आणि तव्यावरच्या कणकेचा वास आला. खरं तर मैद्याचा, पण त्या क्षणी मला फरक करायचा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याने आलं असेल असं म्हणायची सोय होती, पण कांदा चिरलाच जात नव्हता.

"रोटी?" इस्माईलसाहेबांनी विचारलं.

"रोटी!" मी म्हणालो. दिवसभरात आम्हा दोघांना सारखाच कळलेला तो पहिला शब्द.

करीमने मैद्याचा गोळा हातांवर फिरवत फिरवत धोतरासारखा पातळ केला, घडी घातली, तव्यावर टाकली. शेवटी दोन्ही तळव्यांनी टाळी दिल्यासारखी चुरगाळली. आपल्या घडीच्या पोळीचे सुटावेत तसे पदर सुटले. सोबत पातळ आमटी. मी पाच खाल्ल्या.

मग इस्माईलसाहेब करीमला म्हणाले, "तेह सुसू, दुआ."

मी हातातला घास ताटात ठेवला. 'तेह' म्हणजे चहा असावा, 'दुआ' म्हणजे दोन, कारण बोटं दोन दाखवली होती. पण मधला शब्द?

करीमने एक डबा उघडला आणि चमच्याने त्यातलं दूध ग्लासात सोडलं. ते दूध नव्हतं, मधासारखा दाट, पिवळसर गोड ऐवज होता. चमचा वर घेतला की तार लोंबायची, आणि करीम मनगटाला झटका देऊन ती तोडायचा. ग्लासाच्या काठावर एक थेंब नाही. वर कढत चहा ओतला आणि या ग्लासातून त्या ग्लासात, हातभर उंचीवरून, फेस येईपर्यंत ओढला.

"सुसू," इस्माईलसाहेब डब्यावर बोट आपटत म्हणाले. "मिल्क. अवर मिल्क. तुमच्या मशीनमध्ये होतं ते पाणी!"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. आब्नामेसाठी आम्ही जर्मन कोन्डेन्समिल्श वापरलं होतं. ते कॉफीत घालायचं, बिनसाखरेचं, पातळ. नाव एक, वस्तू दुसरी. माणूस बरोबर तेच ओरडून सांगत होता, आणि मी हसत होतो.

मला फार लाज वाटली. मग मी त्यांना आमच्याकडचा 'सुसू'चा अर्थ सांगून टाकला. ते टेबलावर हात आपटून असे हसले की टोपी आमटीत पडता पडता राहिली. करीमला मलायी भाषेत सांगितलं, तर तो तवा सोडून बाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी इस्माईलसाहेब कारखान्यात आले आणि करीमकडचे सगळे डबे आम्ही मशीनमध्ये रिकामे केले. व्हायचं तेच झालं. डबा भरून पुढे सरकला की नळीला दुधाची तार लोंबायची आणि डब्याच्या काठावर पडायची. काठ चिकट झाला की झाकण घट्ट बसत नाही, आणि उष्ण देशात असा डबा नासतो. ते मशीन तसंच गेलं असतं तर पिनांगचा कारखाना महिन्याभरात बसला असता.

"आल्झो, मग आता?" क्रेमरनी विचारलं.

मला करीमचं मनगट आठवलं. दूध ढकलणारा दट्ट्या शेवटी किंचित मागे ओढला, तर तार आत खेचली जाऊन तुटेल. दट्ट्या ज्या चकतीवर हलतो, त्या कॅमचा आकार बदलायचा होता. तिसऱ्या दिवशी नवा कॅम बसवला. तार तुटली. इस्माईलसाहेबांनी सही केली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नाऊ, सुसू!" या वेळी आम्ही दोघंही हसलो. नोकरी राहिली.

पुढे कितीतरी शनिवार मी करीमकडे काढले. त्याच्या रोटीने मला त्या गावात टिकवलं, हे मी आजही मानतो. तो परत गेला तेव्हा त्या बंद दारापुढे मी बराच वेळ उभा होतो.

धडा काय, तर समोरच्याच्या शब्दाला हसण्याआधी अर्थ विचारावा. क्रेमरनी मात्र अर्थ विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही. त्यांना शब्द आवडला. दाट दुधाची चाचणी त्यांनी कायमची केली आणि छापील फॉर्मवर तिचा रकानाही आणला: 'सुसू-प्रोबे'. मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मशीनच्या सुसूच्या चाचणीखाली सही माझी असायची. हेर परान्यपे, पास.