मंडईचा उपाध्यक्ष

लांजीजवळच्या त्या गावात मंडई समितीचे अध्यक्ष बदलत गेले, उपाध्यक्ष मात्र सतरा वर्षं एकच. तेजराम, वीज खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, अध्यक्षाला हार मिळायचा, मंचावरची मधली खुर्ची मिळायची. दुकानं कुठं लागणार, पाळणा कुणाचा, नाचगाण्याला दंडार कुठल्या गावची, हे सगळं तेजराम ठरवायचा. पाहुण्याचं भाषण लांबलं की माइक बंद पडायचा, कारण तारा त्याच्या हातात असायच्या.

हे पद त्याला मिळालं तेही मजेशीरच. समितीनं त्याला फक्त लायक उपाध्यक्ष शोधायला सांगितलं होतं. आठ दिवस तो सायकलवर गावभर फिरला. एक तापट निघाला, एक पिणारा, एकाची सासुरवाड शेजारच्या गावची, म्हणजे ओढा तिकडच्या मंडईकडं. नवव्या दिवशी बैठकीत तो म्हणाला, "पाह्यलं सारं गाव. आता मीच उरलो." लोक हसले. ते हसत होते तोवर त्यानं रजिस्टरात आपलं नाव लिहून टाकलं.

यंदा दसऱ्यानंतर त्याची छाती दुखली. गोंदियाच्या डॉक्टरनं कातडीखाली ठोके सांभाळणारं छोटं यंत्र बसवलं आणि धावपळ बंद करायला सांगितली. मंडईला दहाच दिवस उरले होते. तेजरामला यंत्राची नाही, पद जाण्याची धास्ती होती.

यंदाची अध्यक्ष मंजू, गावातली अंगणवाडी सांभाळणारी. ती घरी आली तेव्हा तो भांडायच्या तयारीतच बसला होता.

"काका, तुमाले काढाले नाई आली," ती म्हणाली. "तुमी अध्यक्ष व्हा. उपाध्यक्षाचं मी पाहीन."

"हौ म्हना ना," त्याची बायको दुर्गाबाई आतून म्हणाली. "जलमभर मागंच राह्यले."

तेजरामनं डाव ओळखला. आजवर ज्यानं ज्यानं कामात नाक खुपसलं, त्याला त्यानं असंच हार घालून अध्यक्ष करून टाकलं होतं. असे चौघे झाले.

"हे तुले कोनं शिकवलं?"

"कोनं म्हंजे? सहा वर्षं झाले, तुमालेच त पाहून राह्यली."

"बरं. पाळनेवाला न् भजेवाला जाग्यासाठी भांडले त?"

"मधात देवीचा फोटो ठेवीन. मंग शिव्या देऊन दाखवा म्हना."

"पाहुन्याचं भाषन लांबलं त?"

"त्याच्या बायकोले पुढच्या रांगेत बसवीन. तिनं घड्याळ पाह्यलं का झालं भाषन."

तेजराम खो खो हसला, छातीवर हात ठेवून. सतरा वर्षं तो माइकची तारच उपटत राहिला होता.

"दुर्गे, पेटीतला पांढरा सदरा काढ," तो म्हणाला. मग मंजूकडं वळला. "पन दंडारवाल्यायले आजच फोन लाव. उशीर केला त ते दुसऱ्या गावाले हौ म्हनतीन."

"कालच लावला," मंजू म्हणाली.