क्लच शिवेना

आमचे आतोबा भुतांना घाबरत नसत. भुतानं आपलं वायरिंग नीट केलेलं असावं, एवढीच त्यांची अपेक्षा असे. जगात जे काही बिघडतं ते एक तर फ्यूज उडाल्यामुळे, नाही तर कुणीतरी नको तिथे हात घातल्यामुळे, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. मुलुंडला त्यांच्या घरी जेवायला गेलं की कोशिंबिरीआधी पानाशेजारी पेचकस दिसायचा. जेवता जेवता ते मिक्सर उघडत, हात धुता धुता नळ उघडत, आणि पाहुणा निघाला की त्याचं घड्याळ. "मागे पडतंय तुझं," म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून ते घड्याळ खरोखर मागे पडायचं, पण त्यांना तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

आत्याला मात्र त्यांनी कधी दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही. तिला उन्हाचा त्रास होई, श्वास लागे. डॉक्टरांनी हृदयाचं नाव काढलं, त्याच महिन्यात आतोबांनी गाडीला एसी बसवून घेतला. ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडमध्ये एसीची गाडी म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखंच होतं. संध्याकाळी काचा वर करून ते आत्याला फिरवून आणत. बॉनेटखाली कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून चिकटला, इंजिनाचा आवाज जरा खाली बसला आणि गार वारा सुटला, की "आला बाई एकदाचा," असं आत्या म्हणायची, जणू काही दूधवालाच आला.

या एसीनंच आमच्या घरात भांडण लावलं. माझे बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. तिला ते ताई म्हणत. "घाटकोपर ते मुलुंड जायला एसी? भावजी, मग घरात बर्फाची लादीही ठेवा," असं ते चारचौघांत बोलून गेले. आतोबांना ते लागलं. तेव्हापासून त्यांनी बाबांशी बोलणं तोडलं. भाऊबीजेला ते आत्याला घाटकोपरला आणत, पण स्वतः वर येत नसत. आत्या धापा टाकत जिना चढायची, ओवाळायची, दोघांच्या मध्ये लाडू आणि निरोप वाहायची. आतोबा खाली काचा लावून बसायचे. "अहो, एकदा वर चला ना," असं ती दर वर्षी म्हणायची. "क्लच बघतोय," हे त्यांचं दर वर्षीचं उत्तर.

एका उन्हाळ्यात आत्या गेली. दहाव्याला पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. कुंपणावर ओळीनं कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता, एकही खाली येत नव्हता, सगळे नुसते आमच्याकडे बघत होते. "काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. आईनं हात जोडून दागिन्यांचं, देवघराचं, तुळशीचं, सुचेल ते सगळं कबूल केलं. बाबा एका टोकाला, आतोबा दुसऱ्या. दोघांनीही तोंड उघडलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आतोबा माझ्या कानाशी पुटपुटले, "हे म्हणजे बॅटरीवरून डायरेक्ट दिल्यासारखं झालं रे. चाललं म्हणायचं, पण बिघाड तिथंच."

तिथून घरी परतताना त्यांनी एसीचं बटण दाबलं, आणि क्लच लागलाच नाही.

मग सुरू झाला शोध. सुट्टीच्या दिवशी मी मुलुंडला जाऊन टॉर्च धरायचो. फ्यूज शाबूत. पट्टा ताठ. साबणाचा फेस लावून पाहिला, गॅस कुठेही गळत नव्हता. थर्मोस्टॅट नवा घातला. क्लचच्या वायरला लावलेला दिवा लखलखीत पेटायचा, म्हणजे वीज तिथवर पोचत होती. पण वायर परत जोडली की क्लच ढिम्म. नाहूरचा मेकॅनिक आला. डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, सगळा बरोबर हाय. तरीपण घेत नाय. माका तर ह्या काय तरी येगळाच वाटता." त्यानं चहा घेतला नाही की मजुरीही मागितली नाही. त्यानंतर आतोबांच्या गल्लीतून जाताना तो सायकलवरून उतरून पलीकडच्या बाजूनं चालत जायचा.

खोटं कशाला बोलू, मीही टरकलो होतो. एसी बंद, मे महिन्याचं ऊन, आणि पुढची डावीकडची, आत्या बसायची त्या बाजूची काच आतून धुरकट व्हायची. फक्त तेवढीच. मी पुसायचो, मागे वळून पाहिलं की पुन्हा तशीच. ब्लोअर गरम हवा फेकायचा, पण त्या गरम हवेतून मधूनच आत्याच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. "सीटला मुरलाय वास," आतोबा म्हणायचे. पण असं म्हणताना ते स्वतः मात्र त्या सीटकडे बघायचे नाहीत.

एका भर दुपारी सोसायटी सामसूम झोपली होती. आतोबांनी इंजिन चालू केलं, बटण दाबलं आणि बॉनेट उघडलं. मग पेचकस खिशात टाकला. चप्पल काढली. आणि या आयुष्यभराच्या नास्तिकानं, दहाव्याला उभे राहतात तसे, कॉम्प्रेसरसमोर हात जोडले.

"तुझी पितळेची भांडी मोडीत घालणार नाही."

काही नाही.

"वेळेवर जेवीन. मिक्सरला हात लावणार नाही."

पट्टा नुसता फिरत होता. मी शेजारीच उभा होतो; मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आतोबांचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, तुझं काय राहिलंय ते मला कळत नाही गं. सगळं तपासलं मी."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या बाबांसारख्या नाकाकडे बघितलं असावं.

"बरं," ते म्हणाले. "वर जाईन. तुझ्या भावाकडे. जिना चढून."

टक्.

इंजिनाचा आवाज खाली बसला. "आतोबा, उन्हानं पत्रा तापून क्लचमधली फट कमी झाली असेल—" मी म्हणालो.

"गप बस," आतोबा म्हणाले. "मागे बस."

घाटकोपरला आमच्या दाराशी त्यांनी गाडी उभी केली. आमचा जिना ते कठड्याला धरून चढले, मी त्यांच्यामागून. बाबांनी दार उघडलं, आणि दोघंही पुतळ्यासारखे उभे. "खाली चला जरा," आतोबा कसेबसे म्हणाले. "गाडी चालू ठेवून आलोय." बाबांनी पायात चपला सरकवल्या. खाली येऊन मी मागे बसलो.

पुढचं दार उघडायला गेलेले बाबा आतून धुरकटलेल्या काचेकडे पाहून थबकले. काही न विचारता मागे येऊन माझ्याशेजारी बसले. आत गारवा भरून राहिला होता. दहाव्यालासुद्धा ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या माझ्या बाबांनी पुढच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

"आता गार वाटतंय ना गं ताई?" ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

आतोबांनी वळून पाहिलं नाही. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, आणि बराच वेळ आमच्यापैकी कुणीच खाली उतरलं नाही.