पेजेच्या टोपाची मानकरीण

माझ्या आतेसासूबाईंना खरं म्हणजे ग्रामदैवत व्हायचं होतं. ती जागा आधीच भरलेली असल्यामुळे त्यांनी बालवाडी काढली, असं माझं ठाम मत आहे. तोंडवलीत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा मांगर आहे. पूर्वी तिथे गवत आणि नारळ ठेवत, आता पोरं ठेवतात. इतर बालवाड्यांत सकाळी प्रार्थना होते, इथे गाऱ्हाणं होतं. बाई पदर खोचून, हातात नारळ धरून देवाला दटावल्यासारखं सांगतात, "जो कोण आवशीचो पदर धरून रडत असात, तेचा रडणा समुद्रापार घालव रे म्हाराजा." त्यावर पोरं "व्हय म्हाराजा" अशी आरोळी ठोकतात की माडावरचे कावळे उडून जातात. नारळ मात्र महिनोन्महिने तोच असतो. तो फोडायचा विषय काढला की बाई म्हणतात, देवाला घाई नाही, तुलाच खोबरं हवं असेल.

देवळातली सगळी रीत त्यांनी मांगरात आणली आहे. आमच्याकडे देवळातल्या कामांचे मान घराघरांत वाटलेले. मानकरी आल्याशिवाय पालखी जागची हलत नाही, मग पाऊस येवो की मंत्री. तसेच बालवाडीतही मान. रोज पळून जाणाऱ्या एका पोराला घंटेचा मान दिला, तर तो सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला. त्याला ताप आला त्या दिवशी रीतीप्रमाणे घरचं माणूस म्हणून त्याचे आजोबा आले, धुतलेली टोपी घालून. त्यांनी घंटा वाजवली, आणि मग घरी जायचं नावच घेईनात. शेवटी पोरांना रोज मिळणारी तांदळाची पेज जेवूनच गेले.

माझी जुई चार वर्षांची झाली तेव्हा मी तिला कडेवर घेऊन बाईंकडे गेले. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डोकं लख्ख, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलणंही अडखळत. अशा मुलांची शाळा लांब, म्हणजे पोरीला वसतिगृहात ठेवायचं. नुसत्या विचारानेच मला रात्र रात्र झोप लागायची नाही. बाईंना मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही देव जाणे. विचारलं एवढंच, "हिका मान खंयचो दिवया?" आणि दिला तो थेट पेजेच्या टोपाचा. साडेदहाला टोप मधोमध ठेवायचा, जुईने झाकण काढायचं, मगच वाढप.

आता जुईचा हात म्हणजे वाऱ्यावरचं पान. झाकणाच्या दिशेने निघायचा आणि शेजारच्याच्या नाकाला लागायचा. भुकेली पोरं आधी चुळबुळली, एक-दोघं रडली, मग तिला वाटा सांगू लागली: उजवीकडे घे, आता धर, आता सोड. पेज गार व्हायची. मी त्याबद्दल कुरकुरले तर बाई म्हणाल्या, बरंच झालं, जीभ भाजायची नाही.

पण गावात तोंडं असतातच. पर्यटकांना खोल्या देणारे एक गृहस्थ बाईंकडे आले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "आमची मुलं उपाशी बसतात. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, मॅडम." बाईंनी त्यांना पाटावर बसवलं, सोलकढी दिली आणि विचारलं, "मानकऱ्याशिवाय पालखी हलता काय?" गृहस्थ सोलकढी पिऊन गेले. मला हे कळलं. कोणाच्या लेकरांना उपाशी ठेवून माझ्या पोरीचं कौतुक नको, असं म्हणून दुसऱ्या दिवशी मी जुईला घरीच ठेवलं. वसतिगृहाची चौकशी करायला फोनसुद्धा हातात घेतला होता.

तेवढ्यात पाणंदीतून "व्हय म्हाराजा" ऐकू आलं. बघते तर पुढे घंटा, मागे एकमेकांचे सदरे धरून पोरांची रांग, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेजेचा टोप, अशा आतेसासूबाई. मी म्हटलं, आते, पोरं भुकेली आहेत, मी घरचं माणूस आहे ना, मी उघडते झाकण. बाईंनी टोप माझ्या अंगणात उतरवला. "ती आजारी आसा? नाय. मगे घरचा माणूस कित्या?"

जुई सरकत सरकत आली. हात गेला, चुकला, परत गेला. झाकण अर्धं उचललं आणि निसटलं. मला राहवेना, मी हात पुढे केला. तर त्या खोल्यावाल्या गृहस्थांची धाकटी लेक, भुकेने तोंड एवढंसं झालेली, माझा हात बाजूला सारून म्हणाली, "काकी, हात लाव नको. तो तिचो मान."

पाठ फिरवून मी घरात गेले आणि पोटभर रडले. मागे झाकण अंगणात पडल्याचा खणखणाट आणि पोरांचा गलका ऐकला. बाहेर आले तेव्हा बाई वाढत होत्या. मलाही एक वाटी दिली. पेज थंडगार होती, पण एवढी चवदार पेज मी पुन्हा जेवले नाही.

वसतिगृहाला फोन केलाच नाही. जूनमध्ये जुई पहिलीत जाईल. बाईंचे गुडघे आता कुरकुरतात. पहिलीच्या वर्गापर्यंत त्या टोप घेऊन यायच्या नाहीत. तिथले गुरुजी कसे असतील, कोण जाणे. पण त्या वर्गात हीच पोरं असणार आहेत, आणि मला आता झोप लागते.